हिरव्या रंगावर घर बांधता येत नाही

आदिलाबादहून आले तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बायका एकच विचारतात, "तिथं बघायला काय आहे हो?" आता मी काही बघायला गेले नव्हते. धाकट्या बहिणीकडं गेले होते, कुसुमकडं. लग्न होऊन ती तिकडं गेली त्याला जमाना झाला, आणि मी परभणी सोडून तिच्याकडं नीट राहायला म्हणून कधी गेलेच नाही. या थंडीत गेले. बघितलं ते सांगते, तुम्हीच ठरवा बघण्यासारखं आहे का ते.

नांदेडपर्यंतची गाडी सगळ्यांच्या ओळखीची. गंमत किनवटच्या पुढं सुरू होते. सागवानाचं रान लागतं. पानं एवढी मोठी की एकात भाकरी-भाजी बांधून नेता येईल. आपल्याकडं बाभळी बघून बघून डोळ्यांना सवय झालेली, त्यामुळं मी खिडकीला चिकटूनच बसले. समोरच्या बाईनं विचारलं, "आदिलाबादले चालल्या? शाल घेतली काय?" मी म्हटलं, "तेलंगणात कसली थंडी?" ती तोंडावर पदर धरून हसली. पैनगंगा ओलांडून स्टेशनावर उतरले तेव्हा कळलं का हसली ते. दात वाजायला लागले. कुसुमचा मुलगा गणेश मोटरसायकल घेऊन आला होता. त्यानं स्वतःचं स्वेटर काढून मला दिलं आणि म्हणाला, "मावशी, इथली थंडी पाव्हण्यायले आधी धरते."

रस्त्यानं सगळ्या पाट्या तेलुगूत. मी शाळेत गेलेली नाही हे तुम्हाला माहीत आहे. धाकट्या दिरांच्या पुस्तकावर हात फिरवत फिरवत वाचायला शिकले. आणि त्या पाट्या बघून पुन्हा पहिल्या दिवसावर आले. अक्षरं सगळी गोल, सुपात बोरं पसरल्यासारखी. पण माणसं बोलायला लागली की अर्धी आपली निघतात. भाजीवाली मराठी, तिच्याकडून घेणारी तेलुगू, हिशेब हिंदीत, आणि भांडण लागलं तर तिन्हीत.

कुसुमचं घर

कुसुमचं घर जुन्या वस्तीत. भिंतीला भिंत लावलेली घरं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत कुसुम आणि दामोदरराव, म्हणजे तिचे मालक. मधल्या खोलीत गणेश आणि सूनबाई पूजा. या मधल्या खोलीला दार नाही. कुसुमच्या जुन्या इरकली लुगड्याचा पडदा आहे. स्वयंपाकघरात जायचं तर पडदा सारून सुनेच्या खोलीतूनच जावं लागतं, आणि दामोदररावांना रात्री पाणी लागतं, पहाटे चहा लागतो.

कुसुम मला हळूच म्हणाली, "आक्का, तुले सांगू का, हे दोघं बोलायचं असलं का मोबाईलवर लिहितात. एकाच पलंगावर बसून! इकडं टुंग वाजते, तिकडं टुंग वाजते."

"मग तू काय करतीस?"

"मी काय करणार. खोकत जाते, म्हंजे मी येऊन राह्यली हे समजते त्यायले."

मी हसले, पण ती हसली नाही. मग तिनं खरं सांगितलं. पूजाला सातवा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, बेल्याला. ते ठरलेलंच. पण पूजानं सासूला समोर बसवून, आवाज न चढवता सांगितलं होतं, "आई, बाळ घेऊन मी दार असलेल्या खोलीत येईन. पडद्यात आणणार नाई. खोली नसन तर मी बेल्यालेच राहीन, अन् हे तिकडं दुकान टाकतीन." गणेश मोबाईल दुरुस्त करतो, त्याचं दुकान कुठंही चालेल.

"रागानं बोलली असती तर मीबी रागावली असती," कुसुम म्हणाली. "पण ते खरंच बोलली ना आक्का. आपल्यालेबी पायजे होतं तवा दार. आपण बोललो नाई."

मी भाकरी थापत बसले. त्या संध्याकाळी अंबाडीची भाजी होती. तिकडं तिला पुंटीकूर म्हणतात आणि लसूण इतका घालतात की दुसऱ्या दिवशीही आठवण राहते. आपल्याकडं भाकरीवर जेवण संपतं. तिथं भाकरी झाली की पुन्हा भात घेतात, आणि भातावर शेजारच्या लक्ष्मम्मानं पाठवलेलं पच्चीपुलुसू. म्हणजे चिंचेचं कच्चं पाणी, कांदा, मिरची, आणि जरासा गूळ. उकळायचं नाही. मला वाटलं थंडीत हे बाधेल. दोन वाट्या प्याले.

मळा

कुसुमचा भाजीचा मळा गावाच्या कडेला आहे, नाल्याच्या पलीकडं. पूर्वी घरून निघालं की सगळीकडं शेतंच लागायची म्हणे. आता मळ्याच्या कुंपणापर्यंत प्लॉट आलेत. प्लॉट म्हणजे घरं नव्हेत हं. पांढरा रंग दिलेले दगड रोवलेत ओळीनं, मध्ये मुरमाचा रस्ता, आणि गवत. आपल्या परभणीतही वसमत रस्त्याला हेच आहे. आपण गुंठ्यात बोलतो, ते गजात बोलतात, एवढाच फरक. कोणीतरी घेऊन ठेवलेत, राहत कोणीच नाही. गावात माणसं पडद्याआड राहतात आणि इथं दगडांना चारी बाजूंनी मोकळी हवा.

मळा मात्र बघावा. मेथी, कोथिंबीर, वांगी, मुळे, आणि विहिरीच्या बाजूला पालक इतका काळाशार की पावलं आपोआप जपून पडतात. विहिरीजवळच्या कोपऱ्यात गणेशनं फक्कीनं चौकोन आखला होता. ही खोली, ही मोरी, इथं दार. पूजा त्या आखलेल्या दारातून आत गेली, उभी राहिली, आणि खरं दार लोटावं तसा हात केला. दामोदरराव लांबून ओरडले, "सूनबाई, चप्पल काढा, घरात आल्या ना!" सगळे हसलो.

मिस्त्री सोमवारपासून येणार होता. पण त्याआधी गावात सगळीकडं चर्चा होती की नवीन नकाशा लागलाय. गाव पुढं कुठं वाढवायचं, घरं कुठं, रस्ते कुठं, बाजार कुठं, याचा मोठा नकाशा करून नगरपालिकेत भिंतीवर टांगलाय. ज्याला बघायचं त्यानं बघावं, बोलायचं त्यानं बोलावं. दामोदरराव म्हणाले, "चला, आपला मळा कसा काढला ते पाहू."

नकाशा

नकाशा केवढा म्हणाल तर आपल्या देवळातल्या सतरंजीएवढा. भोवती मळेवाल्यांची गर्दी. दामोदररावांनी स्टेशनावर बोट ठेवलं, तिथून रेल्वे फाटक, फाटकावरून नाला, आणि नाल्याच्या पलीकडं बोट थांबवलं.

"हा पाहा. आपला मळा. हिरवागार!"

खरंच हिरवा होता. कुसुमच्या तोंडावर काय हसू आलं म्हणून सांगू. आयुष्यभर ज्याला पाणी दिलं ते कुणीतरी वरून बघून रंगवलं, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. शेजारचा मळेवाला वाकून बघत होता. तो म्हणाला, "पण दामूभाऊ, बाजूच्या वावरात तर कापूस हाये. ते पिवळं काऊन केलं?"

 दामोदरराव म्हणाले, "हळद लावून राह्यला असन पुढल्या साली."

"अन् सरकारले आधीच कसं समजलं?"

"विचारलं असन त्याले."

एवढी पिवळी हळद लावली तर भाव पडतील, यावर तिथंच चर्चा झाली. तिकडं हळद पिकते ना, म्हणून पिवळं दिसलं की हळद, हिरवं दिसलं की भाजी. कोणालाच शंका आली नाही. एकानं निळ्याला मासे म्हटलं, ते मात्र बरोबर निघालं, तो तलाव होता.

नकाशा करणारी बाई तिथंच बसते, असं गर्दीत कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कुसुमनं टोपलीभर मेथी, वांगी, कोथिंबीर धुऊन निथळून घेतली. म्हणाली, "ज्या बाईनं आपला मळा असा छान काढला तिले नेऊन देऊ." मीही निघाले. नकाशाजवळच्या टेबलामागं एक तरुण बाई बसली होती, चष्मा लावलेली. तेलुगू तिची भाषा, पण हिंदी चांगली बोलायची. कुसुमनं टोपली टेबलावर ठेवली आणि सांगितलं, म्याडम, तुमी आमची भाजी दाखवली, तुमचं भलं होवो.

ती बाई टोपलीकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, मळा कुठला. कुसुमनं दाखवला. बाई म्हणाली, "अम्मा, ये आपकी भाजी का रंग नहीं है. पीला मतलब घर बनाने की जगह. हरा मतलब यहाँ घर नहीं बनेगा. खेत खेत ही रहेगा."

कुसुमनं माझ्याकडं बघितलं. मी मराठीत पुन्हा सांगितलं, जणू मराठीत काही वेगळं होणार होतं.

"एक खोलीबी नाई?" कुसुमनं विचारलं.

"पंप के लिए शेड चलेगा. रहने का घर नहीं."

फक्कीचा चौकोन माझ्या डोळ्यापुढं आला, आणि तो हात, दार लोटल्यासारखा. कुसुम खुर्चीत बसली. त्या बाईनं पाणी दिलं. वाईट नव्हती हो ती. तिनं सांगितलं, अजून काही पक्कं नाही, हरकत घेता येते. मळ्याचा रंग पिवळा करा असं तुम्ही म्हणू शकता, आम्ही विचार करू.

मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, "कर की मग पिवळा!"

 कुसुमनं विचारलं, "माझा एकटीचा पिवळा होईन, का सगळ्या मळ्यायचा?"

बाई म्हणाली, एकटीचा तुकडा असा मध्ये पिवळा होत नाही. पूर्ण पट्टा होईल. कुसुम तिच्याकडंच बघत होती. "म्हंजे सगळ्या मळ्यायत प्लॉटचे दगड येतीन," ती म्हणाली. "मग लोकं राहतीन कुठं? माझी सून राहीन कुठं?"

त्या बाईनं नकाशाकडं हात केला. हिंदीत म्हणाली, सगळ्यांनाच जमिनीवर घर दिलं तर गाव नदीपर्यंत जाईल, मग भाजी कुठून येईल? जुन्या वस्तीत घरांवर घरं चढवावी लागतील. दाट राहावं लागेल थोडं. घरी येताना कुसुम ऑटोत एवढंच म्हणाली, "दाट! आक्का, आमी पातळ कवा होतो?"

सांद

घरी दोन दिवस कोणी कुणाशी धड बोललं नाही. मोबाईलचं टुंगसुद्धा वाजलं नाही, तेव्हा मला जास्त काळजी वाटली. गणेश म्हणाला, "बांधून टाकू, कोण पाह्यते." दामोदरराव म्हणाले, "अन् पाडलं तर बाळासगट पाडतीन काय?" पूजा पेटीत कपडे भरत होती. माहेरी जायचे कपडे, पण त्यात उन्हाळ्याचे सुती झंपरही होते. बाईमाणसाला पेटी बघून कळतं किती दिवसांची तयारी आहे ते.

वर खोली बांधायची तर एकच अडचण. जिना. आत जिना काढला तर मधली खोलीच जाते. पुढं रस्ता, मागं मोरी आणि भिंत. एका बाजूला भिंतीला भिंत. दुसऱ्या बाजूला लक्ष्मम्माचं घर, आणि दोघींच्या मध्ये सांद. जेमतेम एक माणूस चालत जाईल एवढीच. अर्धी यांची, अर्धी त्यांची. कुसुमच्या सासूनं आणि लक्ष्मम्माच्या सासूनं या सांदीवरून जन्मभर वैर केलं. तेव्हापासून कोणी तिथं झाडत नाही, कोणी काही ठेवत नाही. पालापाचोळा, एक फुटका माठ, आणि मांजरीची पिल्लं. दोन्ही अर्ध्या एक झाल्या तर जिना बसेल, हे दोन्ही घरांना माहीत होतं. विचारायचं कोणी?

मी पाहुणी. पाहुण्याला लाज कमी असते. पण बोलले मी नाही, कुसुमच बोलली. पच्चीपुलुसूचं भांडं परत द्यायला गेली, मला सोबत घेऊन. रिकामं भांडं देत नाहीत, म्हणून वांगी घातली होती.

लक्ष्मम्मा ओसरीवर मिरच्या निवडत होती. "रा अक्का, कूर्चो," मला म्हणाली. मी बसले. या दोघींचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. कुसुम मराठीत बोलते, लक्ष्मम्मा तेलुगूत, आणि दोघींना सगळं समजतं. माझ्या पदरात अर्धंच पडलं, बाकी कुसुमनं नंतर सांगितलं.

"लक्ष्मम्मा, ते सांद..." कुसुमनं सुरुवात केली.

"संदू?" लक्ष्मम्मा सरळ झाली.

मला वाटलं बाईनं आमचा शब्द उचलला. नाही. त्यांच्या भाषेतही तो शब्द आहे. दोघींच्या सासवा एकाच शब्दासाठी दोन भाषांत भांडल्या!

कुसुमनं सगळं सांगितलं. नकाशा, हिरवा रंग, पूजाची पेटी. रडली नाही, मागितलंही नाही. फक्त म्हणाली, "जिना तुमचाबी, आमचाबी. तुमाले वर बांधायचं असन तवा बांधा."

"वद्दु," लक्ष्मम्मा म्हणाली. नको. आणि पुन्हा मिरच्या निवडायला लागली.

आम्ही बसूनच राहिलो. उठून जावं तर कुठं जावं. मग तिनंच कारण सांगितलं. सासूचं वैर नव्हतं. हैदराबादेला राहणाऱ्या तिच्या मुलानं मनाई केली, तेही नव्हतं. "ईशान्यम," ती म्हणाली. सांद तिच्या घराच्या पूर्वेला. रस्ता उत्तरेला. रस्त्यापासून जिना चढवला तर तिच्या ईशान्येला वजन येतं, आणि ईशान्येला वजन म्हणजे घरावर संकट. आपल्याकडं वास्तू बघतात, पण तिकडं त्याची फारच धास्ती. दार फिरवतात, विहीर बुजवतात. लक्ष्मम्माच्या जावेनं ईशान्येला पाण्याची टाकी चढवली आणि तिचा मालक गाडीवरून पडला, असं तिनं सांगितलं. कुसुमनं विचारलं, "दारू पिऊन होता ना?" लक्ष्मम्मा म्हणाली, "दारू तो रोजच प्यायचा. टाकी त्याच महिन्यात चढली."



कुसुम उठली. तिचे खांदे मी मागून बघितले, आणि वाटलं, संपलं. दारापर्यंत गेलो. मागून लक्ष्मम्माचा आवाज आला. तेलुगूत काहीतरी, पुन्हा पुन्हा, "वेनक, वेनक." मला वाटलं काही विसरलं. कुसुम मात्र थांबली ती थांबलीच.

वेनक म्हणजे मागून. रस्त्याकडून नको, मागच्या टोकापासून चढवा. म्हणजे वजन आग्नेयेला जातं. आग्नेयेला चालतं. सांद चालायला मोकळी ठेवायची, मागं जाऊन जिना चढायचा. लक्ष्मम्मानं मिरचीच्या देठांनी ओसरीवर मांडून दाखवलं. हे तुझं घर, हे माझं, ही संदू, हे मेट्लु. एकेक देठ एकेक पायरी. मग म्हणाली, "पण माझ्या बाजूनं कठडा पायजे. तुझा नवरा वरून माझ्या न्हाणीत पाह्यला तर?" हे तिनं चक्क मराठीत सांगितलं.

कुसुम म्हणाली, "त्याले जवळचं दिसत नाई, न्हाणी काय दिसते."

त्या दोघी हसल्या, आणि मी कुठं बघावं तेच मला कळेना. माझ्या डोळ्याला मिरची लागली होती, असं समजा.

नंतर नकाशावाल्या बाईकडं दोघी मिळून गेल्या. तिनं सांगितलं, दोघींची संमती असेल तर परवानगीला टाका, वर एकच मजला, हलका. मळ्यावर हरकत घ्यायची का, म्हणून तिनं विचारलं. कुसुम म्हणाली, "राहू द्या हिरवा. पण अस्साच ठेवजा."

बेला

पूजाला बेल्याला पोचवायला मी गेले. रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग, झाडाझाडाला कापूस अडकलेला. बेल्याचं तिचं माहेर म्हणजे उलटाच प्रकार. घर एवढंसं आणि अंगणात जोडीसकट बैलगाडी वळेल. चुलीपासून गोठ्यापर्यंत हाक मारावी लागते. मी पूजाला म्हटलं, "अशा अंगणातून तू त्या सांदीत गेलीस?" ती म्हणाली, "अंगणालेबी दार कुठं हाये मावशी. इथंबी सगळेच येतात-जातात."

तिच्या वडिलांनी सागवानाच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. सगळं कळलं होतं त्यांना. म्हणाले, नातवाच्या घराला दार आजोबाचं. सुतार ओसरीवर बसूनच रंधा मारत होता. भुसा सगळा अंगणभर. त्यानं कड्या समोर ठेवल्या आणि विचारलं, "कडी कोणीकडून लावू? बाहेरून का आतून?"

पूजाचे वडील माझ्याकडं बघायला लागले. घर सासरचं, सासूला विचारलेलं बरं. फोन लावला, आवाज मोठा केला. मळ्यातून कुसुमचा आवाज आला, मागं मोटर चालू होती.

"काय म्हंता? कडी?" ती ओरडली. "आतून लावा! बाहेरून काऊन, मी काय तिले कोंडून राह्यली?" आणि फोन ठेवण्याआधी पुन्हा, "मोठी लावजा! माझ्या धक्क्यानं उघडली नाई पायजे."

पूजानं कड्यांमधली सगळ्यात जड कडी उचलून सुताराच्या हातात दिली.